सहा थेंबांची घट

१

सकाळी सात वाजता मास्तर हौदात उतरत आणि बाई काठावर टॉवेल घेऊन उभ्या राहत, हा त्या घराचा तीन वर्षांचा नेम होता. हौद म्हणजे घरामागचा पोहण्याचा छोटा तलाव. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. “तलाव म्हणावं एवढा तो मोठा नाही, आणि टाकी म्हणून त्याचा अपमान करवत नाही,” असं म्हणत मास्तरांनीच त्याला हौद ठरवून टाकलं होतं. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. नेमका शब्द सापडेपर्यंत त्यांना घास गिळवत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. हात लुळा पडला, पाय ओढावा लागू लागला. जमिनीवर ते काठी टेकत भिंती धरत चालत. पाण्यात मात्र चालत ते माणसासारखे. छातीएवढ्या पाण्यात त्यांचा पाय उचलला जाई, आणि बाहेर आल्यावरही तो दिवसभर थोडाथोडा उचलला जात राही. डॉक्टरांनी कितीतरी व्यायाम सांगितले होते. त्यांतला हा एकच खरा निघाला.

डाव्या तळव्याला काही कळत नसे, म्हणून उतरताना ते मोजत. हौदाला चार पायऱ्या होत्या, पांढऱ्या, प्रत्येकीच्या कडेला निळी पट्टी.

“एक. दोन. तीन. चार. जमीन.”

वर येताना उलट. तळावरून चौथ्या पायरीवर चढले की ते थांबत. तिथून पुढे पाण्याचा आधार संपे आणि पाय पुन्हा दगड होई. मग उजवा हात वर करून म्हणत, “चार. हात दे गं.” बाई आपला उजवा हात पुढे करत. तीन, दोन, एक. काठावर पाय टेकला की ते म्हणत, “घर.”

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. एवढं बोलणं दोघांना पुरे होतं.

२

या सुखात माती कालवली ती एका गुलाबी डागाने.

घर घेतलं तेव्हापासून हौदात क्लोरीन नव्हतं, दुसरंच एक औषध होतं. निळा डबा, वर हसणारं बाळ. डोळे झोंबणार नाहीत, वास येणार नाही, केस खराब होणार नाहीत, अशी सगळी वचनं. पाणी शुद्ध राहील का, याबद्दल मात्र बारीक अक्षरात एक ओळ. बाईंनी चौतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. शहर जे पाणी पीत होतं त्याच्या दाखल्याखाली त्यांची सही असे. एकदा साहेबांनी एका नापास नमुन्यावर सही मागितली, तर बाईंनी पेन बंद करून खिशात ठेवलं आणि बदली पत्करली. ‘चाललंय ना, मग चालू द्या’ हे वाक्य त्यांनी ऑफिसात कुणाला पुरं करू दिलं नव्हतं. घरच्या हौदाबाबतीत मात्र तेच वाक्य त्या सात वर्षं स्वतःशी म्हणत राहिल्या. याचा त्यांना आता संताप येत होता, आणि संतापाचं वाटप करताना त्या स्वतःलाही वगळत नसत.

कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत डाग आला. मग पाइपाच्या तोंडाशी पांढरं, जेलीसारखं काहीतरी लोंबू लागलं. मग मास्तरांच्या डाव्या पायाला फोड आले, आणि त्या पायाला कळतच नसल्यामुळे ते आठ दिवसांनी सापडले.

डॉक्टर म्हणाले, “पाणी साफ होईपर्यंत पाय बुडवायचा नाही.”

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी दारात एक खोकं आलं. आत चाकाची खुर्ची. पाठोपाठ तिचा फोन.

“आई, मी महिनाअखेरीस येते. तोवर बाबा चालत नसतील तर खुर्ची उघडायची, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं. तू त्यांना किती दिवस उचलणार?”

मास्तरांनी घडी घातलेल्या खुर्चीवर चादर टाकली. “पाहुणी आली आहे,” ते म्हणाले. “पण मुक्काम करायचा नाही म्हणावं.”

३

ज्याने सात वर्षं निळे डबे विकले त्या दुकानदाराशी बाईंचं भांडण दुकानाच्या दारातच सुरू झालं.

“काकू, आमचंच औषध दुप्पट टाका. दोन दिवसांत आरसा होतो बघा.”

“मी तुझी काकू नाही. आणि जे औषध काम करत नाही ते दुप्पट टाकलं, की ते दुप्पट काम करत नाही. मला क्लोरीन दे.”

“अहो, दोघांचं जमत नाही. जुन्या औषधावर क्लोरीन पडलं की पाण्याचा चहा होतो. लोक घाबरून फोन करतात.”

“मी करणार नाही.”

“आणि लगेच संपत पण नाही ते. आत जे जे असेल ते सगळं जाळून संपवेपर्यंत रोज टाकत राहायचं.”

“मला शिकवू नकोस. तू रांगत होतास तेव्हा मी अख्ख्या शहराला क्लोरीन पाजत होते.”

दुकानदार हसला. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त डब्यावरचं वाचून जग चालतं अशी त्याची समजूत होती, आणि तशी समजूत असलेली माणसं पुष्कळ मोठ्या खुर्च्यांवर बसलेली बाईंनी पाहिली होती.

हौद बदलायचा म्हणजे काम सोपं, पण चिवट. क्लोरीन ओतायचं. ते पाण्यातल्या जुन्या औषधाला आणि घाणीला खातं आणि खाता खाता स्वतः संपतं. कधी थांबायचं हे ओळखण्याची एकच खात्रीची रीत होती, आणि बाईंनी जन्मभर तीच वापरली होती. सूर्य मावळल्यावर नमुना घ्यायचा. पाण्यात पूड टाकली की नमुना गुलाबी होतो. मग औषधाचे थेंब मोजत टाकायचे, रंग जाईपर्यंत. जितके थेंब तितकं क्लोरीन. पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजायचे. रात्री ऊन नसतं, तेव्हा क्लोरीन कमी झालं असेल तर ते पाण्यातल्या कशाने तरी खाल्लेलं असतं. दोन थेंबांपर्यंतची घट माफ. त्याहून जास्त, म्हणजे पाण्यात अजून काहीतरी आहे.

“म्हणजे शाळेतली हजेरी,” मास्तर म्हणाले. “कोण आहे, कोण नाही.”

“हो. आणि सगळे गैरहजर असले की पास.”

४

पहिल्या दिवशी पाणी हिरवं झालं, तासाभरात तपकिरी. मास्तर खिडकीतून बघत होते. “साखर किती घालू?” त्यांनी विचारलं. बाई इतक्या हसल्या की हातातली झारी खाली ठेवावी लागली. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं. पहिली पायरीही दिसेना.

पहिले आठ दिवस आकडे हवे तसे पडत गेले. संध्याकाळी तीस थेंब, पहाटे आठ. मग बारा, सतरा. घट रोज कमी होत होती. बाई निळ्या वहीत आकडे लिहीत आणि शीळ घालत स्वयंपाकघरात येत. कामावर असल्यासारखं वाटत होतं त्यांना, आणि ते फार दिवसांनी वाटत होतं.

नवव्या पहाटे चोवीस थेंब. घट सहा.

दहाव्या पहाटे चोवीस. अकराव्या पहाटे चोवीस.

कमी होणारी घट बाईंना कळत होती. वाढणारीही कळली असती. पण घाण ही काही शिस्तीची गोष्ट नव्हे. ती रोज मोजून तेवढंच खात नाही. बाईंनी आधी स्वतःवर शंका घेतली. तो त्यांचा धर्म होता. थेंबांची बाटली नवी आणली. नमुन्याची नळी उकळून घेतली. नळाचं पाणी ताडून पाहिलं, ते बरोबर. मग दुकानदाराला बोलावून गाळणीतली सगळी वाळू बदलली. जुनी वाळू भिजलेल्या डिंकासारखी लगद्याने निघाली, तेव्हा बाईंना फार समाधान वाटलं. चोर सापडला.

बाराव्या पहाटे चोवीस.

दुकानदाराने भिंतीतला दिवा काढून त्यामागची खोबण घासली. शिडीच्या पोकळ नळ्या खरवडल्या. ज्या तोंडातून पंप पाणी ओढतो त्या खिडकीएवढ्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला.

“काही नाही, काकू. लख्ख आहे.”

“मग खातंय कोण?”

त्याने हात बाहेर काढून पुसला. “आत कुणी बसलंय का बघा,” तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

बाई हसल्या नाहीत. पूर्वी त्या सार्वजनिक तलावांचे नमुने घेत. माणूस पाण्यात उतरला की घाम, कातडी, केस, सगळ्याला क्लोरीन लागतं. एवढ्याशा हौदात एक माणूस रात्रभर नुसता बसून राहिला तर किती घट होईल, याचा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर सहज हिशोब केला. उत्तर सहा थेंब आलं. मग ते पान घडी घालून बंद केलं.

५

पाणी मात्र निवळत होतं, आणि निवळणं बघण्यासारखं होतं. मोजायला बाईंना वेगळं साधन लागलं नाही. रोज सकाळी त्या काठावर उभ्या राहत आणि निळ्या पट्ट्या मोजत. तेराव्या दिवशी एक. चौदाव्या दिवशी दोन. पंधराव्या दिवशी तिसरी, अंधुक, धुक्यातल्या रस्त्यासारखी.

सतराव्या दिवशी मास्तर न्हाणीघरात पडले. लागलं नाही, पण ते अर्धा तास फरशीवर बसून राहिले. बाईंना ते उचलवले नाहीत. शेवटी शेजारचा सुतार आला आणि त्याने त्यांना पलंगावर ठेवलं.

“अहो, ठीक आहात ना?”

“मी ठीक आहे. पायच गैरहजर आहे.” जरा वेळाने ते म्हणाले, “ती पाहुणी अजून आहे का गं बाहेर?”

मास्तरांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नाही. ते नुसते खिडकीतून हौदाकडे बघत राहिले. ते बाईंना बघवेना.

दुसऱ्या सकाळी पाणी निळंशार होतं. इतकं स्वच्छ पाणी त्या हौदात सात वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. बाई काठावर उभ्या राहिल्या. एक, दोन, तीन, चार.

पाच.

चौथ्या पायरीच्या पलीकडे, जिथे सपाट तळ असायचा, तिथे अजून एक निळी पट्टी होती. आणि तिच्या पलीकडे पाणी जरा जास्त निळं होतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. पाण्यात वस्तू वाकलेली दिसते, उचललेली दिसते. हे त्या स्वतः शिकाऊ मुलींना समजावून सांगत. ऊन तिरपं होतं, पाणी हलत होतं. त्यांनी पानं काढायच्या जाळीचा लांब दांडा आत घातला. चौथ्या पायरीनंतर दांडा तळाला टेकला. टणक. जिथे हवा तिथेच. त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा पट्ट्या चार होत्या.

“पास,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

पण त्या दिवशीही घट सहा थेंब होती.

६

त्यांनी वहीत दोन लिहिलं.

चौतीस वर्षांत ज्या हाताने साहेबाच्या दमदाटीपुढे पेन बंद केलं होतं, त्याच हाताने, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, चहा उकळेपर्यंत, त्यांनी सहाच्या जागी दोन लिहिलं. कारणं चोख होती. पाणी स्वच्छ दिसत होतं. क्लोरीन भरपूर होतं, ते दिवसभरात उन्हाने हवं तेवढं उतरलं असतं. पाय दगड होत चालला होता आणि महिना संपत आला होता. साहेबांकडेही त्या वेळी अशीच चोख कारणं होती.

दुसऱ्या सकाळी सात वाजता मास्तर उतरले.

“एक,” ते म्हणाले. “दोन. अगं, काय पाणी आहे! तीन. चार.”

“सावकाश.”

“जमीन. तू जा, तुझं काम कर. मी जरा फिरून येतो.”

फिरून येतो म्हणजे हौदाच्या चार भिंतींतच. बाई हसत पंपाच्या खोलीकडे गेल्या. पाणी उलटं सोडून गाळणी धुवायची होती. दोन मिनिटांचं काम, पण पंपाचा आवाज कानठळ्या बसवणारा. त्या आवाजात त्यांना मास्तरांचा आवाज आल्यासारखा वाटला. ते मोजत होते. “पाच,” असं काहीतरी. मग लांबून, कौतुकाने, “सहा.” आणि मग, अगदी बारीक, “अगं, पायाला कळतंय गं!”

बाईंनी पंप बंद केला. शांतता.

त्या धावल्या. मास्तर चौथ्या पायरीवर उभे होते. केस ओले होते. डोकं ते कधी बुडवत नसत. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि ते हसले. मग ते वर आले. तीन पायऱ्या आणि काठ, डावा पाय, उजवा पाय, कुणाचा हात न घेता, एक शब्द न बोलता. बाईंनी टॉवेल धरला होता. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला.

बाई रडल्या. वर येताना मास्तरांनी पायऱ्या मोजल्या नव्हत्या, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

७

दुसऱ्या पहाटे घट शून्य होती. संध्याकाळी तीस थेंब, पहाटे तीस. बाईंनी तीनदा मोजलं. पाण्यात जे काही होतं ते आता पाण्यात नव्हतं.

पुढचे दिवस त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे कबूल करायलाच हवं. मास्तर काठीशिवाय चालू लागले. डाव्या हाताने डब्यांची झाकणं उघडून देऊ लागले, शर्टाची बटणं लावू लागले. डॉक्टरांनी पाय ठोकून पाहिला, पुन्हा ठोकून पाहिला आणि म्हणाले, “कधी कधी होतं असं.” आपल्याला कळत नाही असं साध्या शब्दांत सांगण्याची पद्धत त्या धंद्यात नाही. मुलगी आली ती बाबांच्या गळ्यातच पडली. खुर्ची न उघडताच तिच्याबरोबर परत गेली.

“बाबा किती शांत झालेत,” मुलगी जाताना म्हणाली. “एक विनोद केला नाही दोन दिवसांत.”

“दमले असतील.”

दमले नव्हते. ते रात्री गाढ झोपत, जेवणाला नावं ठेवत नसत, बाई बोलत तेव्हा त्यांच्याकडे लक्ष देऊन बघत राहत. नवं गाव बघावं तसं. फक्त ते हौदाकडे जात नसत. “आता गरज काय?” असं म्हणत. आणि घराच्या जिन्यावर, जिथे तीन वर्षं त्यांचा आवाज आधी आणि ते मागून येत, तिथे आता नुसती पावलं वाजत. सारख्या अंतराने. दोन्ही सारखीच.

बाई सुखात होत्या. सुखात माणूस फार प्रश्न विचारत नाही. विचारणाऱ्यांची बदली होते, हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं. या वेळी बदलीचा हुकूम त्यांनीच स्वतःला दिला होता.

८

पंप पहाटे बंद असतो. नमुना घ्यायला बाई काठावर वाकल्या होत्या, तेव्हा पाणी ओढणाऱ्या तोंडातून त्यांना आवाज आला.

“सव्वीस.”

लांबून, दमलेला. मग काहीच नाही.

पाइपात हवा अडकली की पाणी बोलल्यासारखं वाजतं. बाईंनी झडप बंद केली. दुसऱ्या पहाटे आवाज आला, “पंचवीस.” त्यांनी तोंडाला बूच लावलं, पाइप सोडवून पाहिला. तिसऱ्या पहाटे, “चोवीस.” हवेला आवाज असतो हे बाईंना मान्य होतं. पण हवेला उलटी उजळणी येत नाही.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? नवरा आत पलंगावर झोपला होता, त्याचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. बाई रोज पहाटे काठावर जात, नमुना घेत, एक आकडा ऐकत आणि परत येऊन चहा टाकत. वहीत लिहिणं त्यांनी सोडलं होतं, पण थेंब मोजणं सुटत नव्हतं. आकडा अठराला आला तेव्हा घट एक थेंब झाली. चौदाला दोन. नऊला चार. आवाज आता बुचातून नव्हे, पाण्यातूनच येत होता, आणि प्रत्येक आकड्याआधी एक ओढल्यासारखा आवाज होई, दगडावरून ओलं काहीतरी सरकवावं तसा. डावा पाय उचलत नसलेल्या माणसाला पायरी चढायला किती वेळ लागतो, हे बाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?

काल “पाच” झालं होतं. घट सहा थेंब.

९

आज पहाटे बाईंनी चहा हौदाच्या काठावर नेला. दोन खुर्च्या मांडल्या.

“इथे नको,” मास्तर म्हणाले. “आत बसू. गार आहे.”

“आज इथेच.”

ते आले, बाईंच्या उजव्या हाताला बसले. आकाश उजळत होतं. पाणी काचेसारखं स्थिर होतं. पहिली पट्टी दिसत होती, दुसरी दिसत होती. त्याखाली अजून अंधार होता. बाईंना खरंच प्रसन्न वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

“अहो, एक विचारू?”

“विचार ना.”

“आपल्या हौदाला पायऱ्या किती?”

मास्तर हसले. त्या हसण्यात काही खोट नव्हती. “तुला किती हव्यात?”

पाण्यात काहीतरी सरकलं. पृष्ठभागावर एक वर्तुळ उमटलं, भूमितीच्या वहीतलं असावं इतकं स्वच्छ, आणि ते काठाला येऊन टेकलं.

“चार,” हौदातून आवाज आला. तो आता लांब नव्हता. धाप लागलेली होती, आणि धापेखाली तो जुना, स्वतःवर खूश असलेला सूर होता, जो बाईंनी चाळीस वर्षं ऐकला होता.

पाण्याबाहेर एक उजवा हात आला. तळवा वर. बोटं पांढरी पडलेली, फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली.

“हात दे गं.”

बाई उठल्या. उजवा हात त्या विचार न करता पुढे करायला गेल्या, रोज करत तसा, पण तो पुढे गेला नाही. तो मास्तरांच्या डाव्या हातात होता. कधी घेतला त्यांना कळलंही नव्हतं. पकड कोरडी, उबदार आणि फार मजबूत होती.

त्यांनी डावा हात लांबवला, गुडघ्यावर बसल्या, खांदा निखळेल इतक्या ओणव्या झाल्या. वीतभर कमी पडत होतं. पाण्यावरचा हात तसाच वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती. हात मिळेलच, याची त्याला खात्री असायची.

“चहा निवतोय गं,” मास्तर प्रेमाने म्हणाले, आणि त्यांनी पकड जरा घट्ट केली.